माणशी एक अंडं

सॅम वाक्रूळकरला एक खोड होती. कुठल्याही कामाला हात घातला की त्याची एक्सेल शीट झाल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. उरणकडच्या एका कंपनीत कंटेनरच्या वेळा लावण्यात दहा वर्षं गेली, त्याचा हा परिणाम. त्यामुळे एयालची बॅचलर पार्टी ठरवायची म्हटल्यावर ते काम सॅमच्याच गळ्यात पडणार होतं, आणि खरं सांगायचं तर त्याने गळा आधीच पुढे करून ठेवला होता.

एयाल त्याचा बालवाडीपासूनचा मित्र. जानेवारीत एयालचं ठाण्याच्या तमारशी लग्न, आणि फेब्रुवारीत दोघंही कायमची इस्रायलला. मग कधी सुट्टीला पनवेलला आला तर आला, नाहीतर फोनवर तोंड बघायचं. म्हणून ही ट्रिप अलिबागच्या बंगल्यावर किंवा गोव्याला उरकायची नाही, एकदा काय ते दणक्यात करायचं, असं ठरलं. गरम पाण्याच्या हौदात छातीपर्यंत बुडून बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचा व्हिडिओ निनादने कुठेतरी बघितला होता आणि तो बुडापेस्टवर हटून बसला. जिवाची मुंबई करून झाली होती, आता जिवाची बुडापेस्ट करायची. सहा जण होते. एयाल, सॅम, रूबेन आणि अवी हे चौघं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आणि शाळेतले निनाद आणि निकेश. सॅमने शीट उघडली. व्हिसाच्या अपॉइंटमेंट, हॉटेल, नदीतली बोट, कुठल्या संध्याकाळी कुठे जायचं, नवरदेवाला कुठला विचित्र टी-शर्ट घालायचा, सगळ्याचे रकाने पडले.

आता सॅमचं दुसरं काम सांगायला हवं, कारण सगळी गोची तिथेच झाली. पनवेलच्या सिनेगॉगमध्ये शनिवारी सकाळी दहा पुरुष जमवायचे, हे ते काम. ज्यूंमध्ये दहा मोठे पुरुष हजर असल्याशिवाय मेलेल्या माणसासाठीची कद्दिश ही प्रार्थना म्हणता येत नाही. नऊ जमले तर नऊ जणांनी आपापली प्रार्थना वाचायची आणि घरी जायचं. एके काळी इथे बसायला जागा मिळायची नाही म्हणे. आता अर्धं गाव इस्रायलला गेलेलं, आणि येऊ शकतील असे पुरुष मोजून बारा. त्यातही दोघांचे गुडघे गेलेले, एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कायम पुढच्या महिन्यात. दर शुक्रवारी दुपारी सॅम एकेकाला फोन लावायचा, कुणाला गोड बोलायचा, कुणाला दम द्यायचा, आणि दहाचा आकडा गाठायचा.

बुडापेस्टसाठी आधी ठरली होती ती नोव्हेंबरची एकवीस ते तेवीस तारीख. निनादची तर रजाही मंजूर झाली होती. पण शीटमध्ये तारीख टाकताना सॅमच्या फोनने आठवण दिली. बावीस नोव्हेंबर, मिल्काआंटी. दोन वर्षांपूर्वी दफनभूमीतून परत येताना रिक्षात बसून त्यानेच ती तारीख फोनमध्ये घातली होती आणि पुढे ‘दरवर्षी’ असं दाबून ठेवलं होतं. मिल्काआंटी म्हणजे योसेफ अंकल आपटेकरांची बायको, आणि हा त्यांच्या वर्षाच्या कद्दिशचा दिवस. आणि त्या शनिवारी चार तरणे पुरुष बुडापेस्टला गेले तर बारातून उरणार आठ. सॅमने लगेच ग्रुपवर लिहिलं की तारीख एक आठवडा पुढे, अठ्ठावीस ते तीस. निनादने आरडाओरडा केला, निकेशने हात जोडल्याची चित्रं पाठवली, तिकिटं महाग पडत होती, पण सॅम ढिम्म हलला नाही. अंकलचं कद्दिश चुकवून मी कुठेही येणार नाही, असं त्याने ठणकावलं. त्या दिवशी तो स्वतःवर फारच खूश होता, हेही इथे नोंदवून ठेवते.

खूश व्हायला कारणही होतं. सॅमचे वडील गेले तेव्हा त्याने अकरा महिने दर शनिवारी कद्दिश म्हटलं होतं. त्या अकरा महिन्यांत योसेफ अंकल एक शनिवार चुकले नाहीत. ते राहायचे विचुंब्याला, लिफ्टवाल्या नव्या बिल्डिंगमध्ये, आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ते वाहनात बसत नाहीत की फोन उचलत नाहीत. टपाल खात्यातून रिटायर झालेला तो म्हातारा विचुंब्याहून जुन्या पनवेलपर्यंत चालत यायचा आणि ऊन उतरल्यावर चालत परत जायचा. पावसाळ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून यायचा. कितीतरी शनिवारी नऊ जण दाराकडे डोळे लावून बसलेले असायचे आणि दहावे म्हणून अंकल छत्री झटकत दारात उभे राहायचे. त्या क्षणी सॅमच्या जिवात जीव यायचा. हे तो कधी कुणाला बोलला नव्हता, पण विसरलाही नव्हता.

आणि मिल्काआंटीचंही होतंच. कद्दिशनंतर गेलेल्याच्या घरचे लोक आलेल्यांना खजूर, केळं आणि उकडलेलं अंडं देतात. सॅमच्या आईला त्या दिवसांत काही सुचायचं नाही, तेव्हा अंडी मिल्काआंटीच उकडून पाठवायच्या. त्यांचा नियम मोठा कडक होता. माणशी एक अंडं. जास्तीचं उकडायचं नाही, ताटात उरलेलं अंडं पुढचं मरण बोलावतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. कोण येणार, कोण नाही, ते आधी विचारून घ्यायच्या आणि तेवढीच अंडी पातेल्यात सोडायच्या. सॅम हसायचा त्यांना.

आंटींचं पहिलं वर्ष झालं तेव्हा अंकल लेकीकडे इस्रायलमध्ये अश्दोदला होते, कद्दिश तिकडेच झालं. लेकीने, अयालाने, त्यांना कायमचं ठेवून घ्यायचा खूप प्रयत्न केला, पण ते परत आले. मिल्का इथे आहे, तिचं कद्दिश तिच्या सिनेगॉगमध्ये झालं पाहिजे, मग मला कुठे न्यायचं ते न्या, असं म्हणाले. सॅमलाच म्हणाले होते, आल्याच्या दुसऱ्या दिवशी.

म्हणून तिकिटं काढून झाल्यावर सॅम मुद्दाम विचुंब्याला गेला. अंकल जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून कोथिंबीर निवडत बसले होते. सॅमने खुर्ची ओढली आणि रंगवून सगळं सांगितलं. कसं बावीस तारखेमुळे पुढे ढकललं, निनाद कसा चिडला, आपण कसे ठाम राहिलो. अठ्ठावीस ते तीस म्हटल्यावर अंकलचा हात कोथिंबिरीवर जरा थांबला.

“बावीसला ना,” ते म्हणाले. मग पुन्हा निवडायला लागले. “बरं केलंस. फिरा. हीच वयं असतात.”

मग त्यांनी चहा केला, तिकडे थंडी किती असेल ते विचारलं, आणि आतल्या खोलीत जाऊन एक लोकरीची टोपी घेऊन आले. मिल्काआंटींनी विणलेली, तपकिरी, कानावर येणारी. माझ्या डोक्याला पनवेलमध्ये काय करायची, तू घाल, म्हणाले. सॅम टोपी घेऊन शीळ घालत खाली उतरला.

पुढच्या शनिवारी त्याच्या पायाखालची जमीन सरकली. सिनेगॉगमध्ये चपला काढतात तिथल्या भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर असतं, इंग्रजी तारखेबरोबर हिब्रू तारीख छापलेलं. सॅम एयालच्या लग्नाआधीचे सणवार बघायला म्हणून पानं उलटत होता. नोव्हेंबरच्या एकोणतीस तारखेच्या चौकोनात बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, मिल्का. अक्षर अंकलचं, टपाल खात्यातलं, सरळ उभं.

आता कुणीही सांगेल की आपल्याकडे वर्षश्राद्ध तिथीवर असतं, इंग्रजी तारखेवर नाही. ज्यूंचंही तसंच. महिने चंद्राचे, अधिक महिनाही येतो, आणि इंग्रजी तारखा मागे-पुढे सरकत राहतात. सॅमला हे काय माहीत नव्हतं? त्याच्या वडिलांचा दिवस तो दरवर्षी ह्याच कॅलेंडरात बघायचा. पण मिल्काआंटींची तारीख फोनने सांगितली आणि ह्या शहाण्याने फोनवर विश्वास ठेवला. चुकवायला म्हणून तारीख हलवली, ती नेमकी आंटींच्या दिवसावर नेऊन ठेवली. काही केलं नसतं, एकवीसलाच गेले असते, तर सगळं सुरळीत झालं असतं.

पण त्याला खरं लागलं ते वेगळंच. कोथिंबिरीवर थांबलेला तो हात त्याला आठवला. अंकलना त्याच क्षणी कळलं होतं. त्यांनी चहा केला आणि टोपी दिली.

त्या दिवशीच जाऊन बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. सॅम दोनदा विचुंब्याच्या रस्त्याला लागलाही आणि दोन्ही वेळा पेट्रोल पंपावरून मागे फिरला. बोलून काय सांगणार? तिकिटांची तारीख बदलत नव्हती, व्हिसे त्याच दिवसांचे होते, एयालला पुन्हा रजा मिळणार नव्हती. एयालला सांगावं, तर तो सगळंच रद्द करून बसला असता, तो तसाच आहे, आणि मग त्याच्या शेवटच्या ट्रिपची माती केल्याचं पाप वेगळं. सॅम रोज शीट उघडायचा, बोटीच्या वेळा बघायचा आणि बंद करायचा. ग्रुपवर सगळे चेकाळलेले. त्याला जेवण जाईना. आईने विचारलं तर ऑफिसचं टेन्शन म्हणाला.

शेवटी त्याने आपल्या पद्धतीने मार्ग काढला, म्हणजे आकडा मांडला. तो स्वतः थांबला तर आठाचे नऊ होतात. दहावा पेणचे शालोम अंकल. ऐंशीचे आहेत, पण ठणठणीत, आणि शुक्रवारी गाडीने आणून रात्री घरी ठेवून घेतलं तर शनिवारी पायी येऊ शकतात. त्याने पेणला फोन केला, ते हो म्हणाले. झाले दहा.

मग अंकलना का नाही सांगितलं? तेव्हा त्याने स्वतःला सांगितलं की दहा पक्के झाल्याशिवाय आशा कशाला लावा. पण ते काही खरं नव्हतं. सांगायचं म्हणजे आपली चूक आधी कबूल करायची, आणि त्याहून मोठं म्हणजे, त्याच्या डोळ्यांसमोर एक चित्र तयार झालं होतं. शनिवारी सकाळी योसेफ अंकल मान खाली घालून येतील, आणि दारात सॅम उभा असेल. बस्स, एवढंच. माफी मागायची गरज पडणार नाही, ते बघतील आणि समजतील. त्या चित्रावर तो पंधरा दिवस जगला.

एयालला त्याने विमानाच्या आदल्या दिवशी सांगितलं, आणि तेही खोटं. आईचं ब्लडप्रेशर वाढलंय, डॉक्टर म्हणतात एकटं ठेवू नका. एयाल म्हणाला की तुझ्याशिवाय काय मजा, आम्हीही थांबतो. सॅमने त्याला शिव्या घालून विमानात बसायला लावलं आणि शीट निनादच्या नावावर केली. इकडे आई भडकली. तिला धडधाकट असताना आजारी पाडलं होतं. त्यात निनादची आई, शोभाकाकू, गुरुवारी सकाळी मऊ भात आणि मेतकूट घेऊन हजर झाल्या, आणि आईला भर दिवसा चादर ओढून पडून राहावं लागलं. काकू गेल्यावर आई म्हणाली की पोरा, चांगलं काम करायला निघालास तर एवढं लपवाछपवीचं का करतोयस. भरलेली बॅग कोपऱ्यात तशीच होती आणि बॅगेवर तपकिरी टोपी.

शुक्रवारी दुपारी तो पेणहून शालोम अंकलना घेऊन येत असताना फोनवर फोटो आला. पुलावर पाच जण, नाकं लाल, एयालच्या अंगावर तो भयंकर गुलाबी टी-शर्ट स्वेटरवरून चढवलेला. निकेशच्या हातात काठी आणि काठीवर पुठ्ठ्याचा सॅमचा चेहरा. खाली एयालने लिहिलं होतं की आई कशी आहे, तुला धरून आम्ही सहाच आहोत. सॅमने फोन उलटा करून ठेवला. त्या दिवशी त्याने नेहमीचे फोन केले, सातही जणांना. योसेफ अंकलना तेवढा केला नाही. ते तर येणारच होते.

शनिवारी सकाळी सॅम सगळ्यांच्या आधी पोचला आणि दारात उभा राहिला. डोक्यावर आंटींची टोपी, नोव्हेंबरात पनवेलला लागत नाही तरी. शालोम अंकल आत जाऊन बसले. एकेक जण येत गेला. गुडघेवाले दोघं आले, मोतीबिंदूवाले लहानग्या नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले, नातू त्यांना सोडून गेला. साडेआठला आत आठ होते, दारातला सॅम नववा. रस्ता दिसत होता तिथपर्यंत तो बघत राहिला. नऊ वाजले. अंकलना उशीर होतो कधीकधी, आताशा दम लागतो. साडेनऊ झाले. आत कुणीतरी खोकलं, कुणीतरी पुस्तक मिटलं. टोपीच्या आत सॅमचं डोकं घामाने भिजलं होतं.

दहा वाजायला आले तेव्हा सोनाबाई आली. सिनेगॉग झाडणं, दिवे लावणं हे तिचं काम, तीस वर्षांपासून. तिच्या हातात फडक्याने झाकलेलं ताट होतं. सॅमला बघून ती थबकलीच.

“तुमी गेलं नाय?” ती म्हणाली.

“सोनाबाई, योसेफ अंकल आले नाहीत अजून.”

“ते नाय येनार. काल दुपारीच ठान्याला गेले, बहिनीकडं. तिकडच्या तुमच्या देवलात मानसा भरपूर असतान, बोल्ले. हितं पोरा नायत तर दहा व्हनार नाय. आनि कोनाला सांगू नको बोल्ले, पोरांच्या जिवाला उगा लागल.” तिने ताट पुढे केलं. “ह्ये तेवढं देऊन गेले. जी मानसा येतीन त्यांना.”

तिने फडकं काढलं. खजूर होते, केळी होती आणि उकडलेली अंडी होती. सॅमने मोजायची गरज नव्हती, तरी त्याने मोजली. सात. बारातून चार बुडापेस्टचे वजा, एक स्वतः अंकल वजा. बरोबर सात, आंटींच्या नियमाप्रमाणे.

“तुमचा धरलेला नाय,” सोनाबाई ओशाळून म्हणाली. “तुमी विमानात हाय, असंच बोल्ले ते.”

अंकल आले असते तर दहा झाले असते. तो त्यांच्यासाठी थांबला होता आणि ते त्याच्यासाठी निघून गेले होते, आणि आत नऊ जण बसले होते, ज्यांच्याने काहीही होणार नव्हतं. आंटींचं नाव आज ठाण्याला घेतलं जात होतं, परक्या भिंतींमध्ये. अश्दोदहून म्हातारा ज्याच्यासाठी परत आला होता, ते सॅमने दोनदा हिरावून घेतलं होतं. एकदा न बघता, आणि एकदा न बोलून. पहिलं कुणीही माफ केलं असतं.

ताट घेऊन तो आत गेला आणि काय झालं ते त्याने सगळ्यांना सांगितलं. फोनमधली तारीख, पेन्सिलीतलं नाव, आईचं खोटं दुखणं, सगळं. शालोम अंकलनी फक्त एक प्रश्न विचारला.

“तू थांबतोयस, हे योसेफला सांगितलं नव्हतंस?”

“नाही.”

“का रे? एक फोन तर होता.”

“मला त्यांना दिसायचं होतं,” सॅम म्हणाला. “दारात.”

नऊ जणांनी आपापलं वाचलं. कद्दिशची जागा आली तेव्हा सगळे जरासे थांबले, पान उलटलं आणि पुढे गेले. मग ताट फिरलं. सात जणांनी एकेक अंडं उचललं. शालोम अंकलनाही मिळणार नव्हतं, ते तर पेणचे, त्यांचा तर अंकलना पत्ताच नव्हता. पण मोतीबिंदूवाल्यांनी आपलं त्यांच्या हातात कोंबलं, मला पचत नाही म्हणाले. शालोम अंकलनी ते सोलून मधून तोडलं आणि अर्धं सॅमपुढे धरलं. सॅम मान हलवत राहिला, माझं धरलेलं नाही, म्हणाला. त्यांनी हात मागे घेतला नाही.

शेवटी त्याने ते घेतलं आणि बाहेर जाऊन खाल्लं. दारात उभा राहून, अंकलना दिसायचं ठरवलं होतं तिथेच.